शिंदळ माकुडी: कड्यावरचं दुर्मीळ झुडूप ओळखायचं कसं, राखायचं कसं, वाढवायचं कसं

शिंदळ माकुडी फक्त महाराष्ट्रात उगवते, तीही सह्याद्रीतल्या मोजक्या कातळकड्यांवर. जगात इतर कुठेही ती आपसूक वाढत नाही. शास्त्रीय नाव फ्रेरिया इंडिका, कुळ रुईचं. निकोल अलेक्झांडर डाल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने जुन्नरजवळच्या हिवऱ्याच्या खडकांवरच्या या वनस्पतीचं वर्णन १८६५च्या सुमारास प्रसिद्ध केलं आणि प्रजातीला त्या वेळचे मुंबई इलाख्याचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांचं नाव दिलं. पुढे १९८०च्या दशकात आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने जगातल्या सर्वाधिक धोक्यातल्या १२ वनस्पती निवडल्या, त्यांत हिचा समावेश होता. शिवनेरी, पुरंदर-वज्रगड, सज्जनगड, महाबळेश्वर, रंधा धबधबा ही तिची पुस्तकांत नोंदलेली जुनी ठिकाणं. यातली बरीचशी पुण्याहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल इतक्या अंतरावर आहेत, म्हणून तिच्याबद्दलची जबाबदारीही आधी पुणेकरांची.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. ही वनस्पती कुंडीत अगदी सहज वाढते. फांदीचा तुकडा लावला की मुळं धरते. तरीही ती दुर्मीळ आहे. याचा अर्थ रोपं तयार करण्यात अडचण नाही, तिचा कडा शाबूत ठेवण्यात आहे. बाल्कनीत शंभर कुंड्या भरल्या आणि कड्यावरची शेवटची फांदी वणव्यात गेली, तर आपण ती वाचवली असं मला म्हणता येणार नाही. म्हणून या लेखात आधी कडा आणि मग कुंडी, असा क्रम ठेवला आहे.

आधी नीट ओळखा

हे झुडूप उंच वाढत नाही. मांसल, गोलसर, गुळगुळीत फांद्या खडकाच्या भेगेतून निघतात, पसरतात आणि बऱ्याचदा कड्यावरून खाली लोंबतात. फांदीचा रंग राखाडी हिरवा, आणि गळालेल्या पानांचे वण तिच्यावर स्पष्ट दिसतात. पावसाळ्यात जाडसर, लांबट अंडाकृती पानं येतात. फूल साधारण दोन सेंटिमीटर रुंद, पाच पाकळ्यांच्या चांदणीसारखं, गडद लालसर जांभळं, त्यावर पिवळ्या खुणा आणि पाकळ्यांच्या कडेला बारीक केस. वास मंद, पण चांगला नाही. या वर्गातल्या फुलांकडे परागीभवनासाठी माश्या येतात आणि तो वास त्यांच्यासाठीच असतो. फळं शेंगांसारखी, जोडीने येणारी, शिंगांच्या आकाराची. आतल्या बियांना रेशमी तंतूंचा झुबका असतो, रुईच्या बियांना असतो तसाच.

गोंधळ कशाशी होतो? सर्वांत जास्त माकडशिंगाशी, म्हणजे कॅरालुमाशी. गावाकडे दोन्हींना कधी कधी एकाच नावाने हाक मारतात. फरक असा, की माकडशिंगाच्या फांद्या चौकोनी, धारदार कडांच्या असतात आणि पानं नाममात्र. शिंदळ माकुडीची फांदी गोल आणि पावसाळ्यात तिला खरीखुरी, मोठी पानं. तिच्या जवळच्या नातलगांत इतकी पूर्ण वाढलेली पानं दुसऱ्या कुणालाच नाहीत. उन्हाळ्यात सोमवल्लीच्या बिनपानांच्या लोंबत्या फांद्याही लांबून फसवतात. पण तिच्या फांद्या बारीक, दोरीसारख्या आणि सांध्यासांध्यांच्या असतात. चीक पाहण्यासाठी फांदी मोडण्याची मुळीच गरज नाही. शंका असेल तर फूल येईपर्यंत थांबा.

जुन्या नोंदी शोधताना ध्यानात ठेवा की हिची शास्त्रीय नावं बदलत गेली आहेत. कॅरालुमा फ्रेरी, बौसेरोसिया फ्रेरी या नावांखालीही हीच वनस्पती सापडेल.

ती वर्षभर कशी जगते

हे समजल्याशिवाय पुढची कोणतीही पायरी जमणार नाही. उभ्या बेसाल्टवर माती म्हणजे भेगेत साठलेली मूठभर धूळ आणि कुजलेला पाला. चार महिने पाणी वाहतं, आठ महिने खडक तापतो. शिंदळ माकुडीने यावर दुहेरी तोड काढली आहे. पावसाळ्यात पानं फुटतात आणि ती इतर झाडांसारखी दिवसा कार्बन डायऑक्साइड घेऊन अन्न तयार करतात. पाणी संपलं की पानं गळतात आणि कारभार फांद्यांकडे जातो. फांद्या निवडुंगासारख्या वागतात: छिद्रं रात्री उघडायची, हवा रात्री आत घ्यायची आणि दिवसा दारं बंद ठेवून पाणी वाचवायचं. एकाच झाडात पानांची रीत वेगळी आणि फांद्यांची वेगळी. १९७७ साली जर्मन शास्त्रज्ञांनी हे मोजून दाखवलं. माझ्या मते सह्याद्रीतल्या वनस्पतींमधली ही सर्वांत विलक्षण गोष्टींपैकी एक आहे, आणि गडावर येणाऱ्या प्रत्येक शाळेच्या सहलीला ती सांगायला हवी.

वेळापत्रक ढोबळमानाने असं: जूनच्या पावसानंतर पालवी, जुलै-ऑगस्टमध्ये भरगच्च पानं, ऑगस्टअखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत फुलं, त्यानंतर फळं. हिवाळा सरता सरता पानं उतरतात. मार्च ते मे या काळात कड्यावर दिसतात त्या नुसत्या राखाडी काड्या. त्या मेलेल्या नसतात. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे दोनदा उपयोगी पडणार आहे.

पाहायला जाताना

सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा आणि ऑक्टोबर हा काळ उत्तम. फूल असतं, पाऊस ओसरलेला असतो. दुर्बीण न्या, ८ × ४२ किंवा १० × ४२ची पक्षीनिरीक्षणाची दुर्बीण पुरते. कड्याच्या पायथ्याच्या वाटेवरून किंवा समोरच्या सोंडेवरून एकेक आडवा टप्पा डावीकडून उजवीकडे सावकाश पाहत जा. सह्याद्रीचे कडे लाव्हाच्या थरांचे असल्यामुळे टप्पे आपोआप मिळतात. दोन थरांमधल्या फटी आणि अरुंद कपारी आधी बघा, सपाट कातळभिंत नंतर.

कड्यावर चढून जवळ जाऊ नका. निसटून पडण्याचा धोका आहेच, पण त्यापलीकडे एक कारण आहे. हात ठेवायला आपण जी भेग शोधतो, नेमकी तीच या झुडपाचं घर असते. बुटाच्या एका टोकाने वर्षानुवर्षं साठलेली माती खाली येते. शिवनेरीवर साखळदंडाच्या वाटेने जाणाऱ्यांनी हे विशेष सांभाळावं. साखळी सोडून आजूबाजूच्या कपारींत पाय घालू नयेत आणि पावसात ती वाट टाळावीच. कड्यांवर आग्यामोहोळं असतात. अत्तर, डिओडरंट, धूर आणि आरडाओरडा यांपैकी काहीही तिथे नको.

पुरंदरवर लष्कराचं नियंत्रण आहे. तिथे प्रवेशाचे नियम असतील ते पाळायचे आणि वज्रगडाकडे परवानगीशिवाय वळायचं नाही.

नोंद कशी करावी, आणि काय लपवावं

प्रत्येक झुडपाचे तीन फोटो घ्या: पूर्ण कडा आणि त्यात झुडपाची जागा, संपूर्ण झुडूप, आणि शक्य असेल तर फूल किंवा फळ. वहीत तारीख, कड्याचं तोंड कोणत्या दिशेला, जमिनीपासून अंदाजे उंची, फांद्या अंदाजे किती, फुलं आहेत की फळं, आणि आजूबाजूला काय वाढलंय ते लिहा. गवत किती दाट आहे हे आवर्जून लिहा, कारण वणव्याचा धोका त्यावरून कळतो.

नेमकी जागा मात्र समाजमाध्यमांवर टाकू नका. गडांची नावं पूर्वीपासूनच पुस्तकांत आहेत, ती लपवण्यात अर्थ नाही. पण कोणत्या बुरुजाखाली, कितव्या कपारीत, हे सांगितलं की मांसल वनस्पतींचे हौशी संग्राहक तिथे पोचायला वेळ लागत नाही. मोबाइलच्या फोटोत अक्षांश-रेखांश दडलेले असतात. फोटो पाठवण्यापूर्वी कॅमेऱ्याच्या सेटिंगमधून ते बंद करा. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद केली तर स्थान 'अस्पष्ट' ठेवण्याचा पर्याय निवडा. वाटेची खूण मागे दिसत असेल तर फोटो कापून टाका.

नेमकी माहिती द्यायची ती दोन-तीन जागीच. एक म्हणजे स्थानिक वनपरिक्षेत्र कार्यालय. दुसरी, पुण्यातलं भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र. तिथे वनस्पतिसंग्रहालय आहे आणि तुमची ओळख बरोबर की चूक हे तिथले अभ्यासक सांगू शकतात. तिसरी, गावची जैवविविधता व्यवस्थापन समिती. २००२च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेत ही समिती आणि तिची लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. बऱ्याच गावांत ती नोंदवही कपाटात पडून असते. गावातल्या जाणत्या गुराख्याला सोबत घेऊन त्यात हिची भर घालणं हे एका दिवसाचं काम आहे आणि पुढे रस्ता, खाण किंवा बांधकामाचा प्रश्न आला की तीच नोंद कामाला येते.

कड्यावरची कामं

इथे सर्वांत जास्त वेळ द्या.

वणवा हा पहिला शत्रू. जानेवारीपासून डोंगरउतारावरचं गवत वाळतं आणि 'जाळलं की पुढच्या वर्षी गवत चांगलं येतं' या समजुतीने कुणीतरी काडी लावतं. ज्वाळा कड्याच्या पायथ्याशी येऊन वर चढतात. उन्हाळ्यात झुडूप फांद्यांवरच जगत असल्यामुळे ती भाजली की त्याच्याकडे पुन्हा उभं राहायला काही उरत नाही. वनविभाग जाळरेषा, म्हणजे आग अडवण्यासाठी गवत काढून मोकळे ठेवलेले पट्टे, काढतो, पण कड्याच्या थेट पायथ्याशी मनुष्यबळ अपुरं पडतं. तुमचं मंडळ डिसेंबरमध्ये वनरक्षकाला भेटून, त्याच्या देखरेखीखाली पायथ्यालगतचा काही मीटरचा पट्टा गवत कापून मोकळा करू शकतं. कापलेलं गवत तिथेच न टाकता गावातल्या जनावरांना द्या. म्हणजे गावाचा फायदा होतो आणि जाळण्याचं कारणही कमी होतं. आग दिसली तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर लगेच कळवा.

दुसरा धोका आपल्याच चांगल्या हेतूतून येतो. दुर्गसंवर्धनाच्या श्रमदानात तटबुरुजांवरची झाडं काढतात. वड, पिंपळ, उंबर यांची मुळं तट फोडतात, ती काढायलाच हवीत. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये, शिवजयंतीच्या आगेमागे, जेव्हा ही साफसफाई जोरात असते, तेव्हा शिंदळ माकुडी वाळक्या काड्यांसारखी दिसते आणि कोयत्याखाली जाते. उपाय सोपा आहे. पावसाळा संपताना एक फेरी मारून झुडपं असलेल्या जागांचे फोटो काढून ठेवा आणि श्रमदानाच्या सकाळी कोयता हातात घेणाऱ्या प्रत्येकाला ते दाखवा. जागेवर रंगाची खूण करू नका. तटावर तणनाशक मारण्याची कल्पना कुणी मांडली तर ठाम विरोध करा. जुलै २०२५मध्ये शिवनेरी युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. मराठा लष्करी भूप्रदेशातल्या १२ किल्ल्यांत तो आहे. तिथे आता दुरुस्ती, कठडे, दिवे, पायवाटा अशी कामं वाढतील. कामाचा आराखडा होत असतानाच वनस्पतींची यादी पुरातत्त्व खात्याच्या हाती पोचायला हवी. ठेकेदाराचे मजूर आल्यावर सांगून उपयोग नसतो.

तिसरी गोष्ट पुण्याच्या उत्साही मंडळींना उद्देशून. कड्याच्या माथ्यावर सीडबॉल, म्हणजे बिया घातलेले मातीचे गोळे, फेकू नका. गिरिपुष्प, सुबाभूळ, कॉसमॉस असलं काहीही तिथे नको, आणि आपली वाटणारी करंज किंवा बांबूही नको. उघडा कातळ ही ओसाड जागा नाही. तिथल्या वनस्पतींना मोकळं ऊन आणि पातळ मातीच हवी असते. माथ्यावर झाडी वाढली की खालच्या कपारींवर सावली पडते, पाला साचतो आणि गवत-घाणेरी भेगेत शिरते. घाणेरी आणि रानमोडी पायथ्याशी वाढली असेल तर परवानगीने मुळासकट काढा. शेंड्यावरून छाटली तर ती दुप्पट फुटते.

शेळ्यांचा त्रास खालच्या कपारींपुरता. त्यासाठी कुंपण घालायच्या फंदात पडू नका, चारणाऱ्याशी बोला. झुडूप त्याला दाखवा. पुढच्या वेळी राखण तोच करतो.

कुंडीत वाढवायची असेल तर

जंगलातून फांदी आणायची नाही, एकही नाही. राखीव वनातून वनस्पती काढणं हा गुन्हा आहे, आणि रानातून घेतलेल्या ज्या वनस्पतींच्या निर्यातीवर भारताने बंदी घातली आहे, त्या यादीत हिचं नाव आहे. रोप हवं असेल तर ज्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या कुंडीतच वाढवलेलं रोप आहे त्यांच्याकडून घ्या. शिरवळजवळच्या नवरोजी गोदरेज वनस्पती संशोधन केंद्राने या वनस्पतीवर काम केलं आहे. चौकशीची सुरुवात तिथून करता येईल. घेताना एक प्रश्न विचाराच: मूळ रोप कोणत्या गडावरचं? उत्तर मिळालं तर ते कायमच्या पट्टीवर लिहून कुंडीत खोचा. नाही मिळालं तर 'मूळ अज्ञात' असं लिहा. हे रोप घराची शोभा म्हणून छान आहे, पण ते पुन्हा कड्यावर नेता येणार नाही.

लावण्याची पद्धत अशी:

१. फेब्रुवारी ते मे या काळात आठ-दहा सेंटिमीटरची निरोगी फांदी धारदार, स्वच्छ ब्लेडने कापा.

२. सावलीत, वर्तमानपत्रावर पाच ते सात दिवस ठेवा. कापलेली बाजू वाळून तिच्यावर पापुद्रा आला पाहिजे. घाई केली की फांदी कुजते. हिच्या बाबतीत अपयशाचं सर्वांत मोठं कारण हेच.

३. उथळ मातीची कुंडी घ्या, प्लॅस्टिकची नको. दोन भाग जाड वाळू किंवा बारीक खडी, एक भाग विटांचे तुकडे, एक भाग चाळलेलं पानखत. काळी माती अजिबात नको. शेणखत ताजं असेल तर तेही नको.

४. फांदी दोन-तीन सेंटिमीटर आत, किंचित तिरकी लावा. बाजूला दोन दगड टेकवा.

५. पहिला आठवडा पाणी नाही. मग हलका शिडकावा. नवी पालवी दिसेपर्यंत दुपारचं ऊन टाळा.

जून ते ऑक्टोबर वरचा थर सुकला की पाणी द्या, पण कुंडी पुण्याच्या सलग पावसात उघड्यावर ठेवू नका. छपराच्या वळचणीला, सकाळचं ऊन मिळेल अशी जागा चांगली. पानं गळू लागली की पाणी कमी करत न्या आणि उन्हाळ्यात पंधरा-वीस दिवसांतून एकदा थोडंसं पुरे. या काळात 'मेली' म्हणून कितीतरी कुंड्या रिकाम्या होतात. फांदी हलकेच दाबा. टणक असेल तर जिवंत आहे, मऊ आणि तपकिरी झाली असेल तर कुजली आहे. पिठ्या ढेकूण सांध्यांत आणि मुळांवर येतो. कापसाच्या बोळ्याने स्पिरिट लावून पुसा, आणि मुळांवर असेल तर कुंडी बदला.

बी धरणं आणि उगवणं

फांदीपासून केलेली सगळी रोपं म्हणजे एकच झाड, फक्त तुकड्यातुकड्यांनी पसरलेलं. एक रोग आला तर सगळी एकदम जातील. म्हणून संवर्धनाच्या दृष्टीने बियांपासूनची रोपं मोलाची. त्यासाठी वेगवेगळ्या मातृरोपांच्या, पण एकाच गडाच्या मूळ असलेल्या कुंड्या फुलांच्या काळात जवळजवळ आणि उघड्यावर ठेवा. माश्या येऊ द्या, फवारण्या बंद. शिवनेरीची आणि सज्जनगडाची रोपं एकमेकांशेजारी ठेवून बी धरू नका. प्रत्येक कड्यावरची पिढी तिथल्या परिस्थितीत घडलेली असते, आणि एकदा मिसळलेलं वेगळं करता येत नाही.

फळ धरलं की त्याभोवती मलमलीची सैल पिशवी बांधा, नाहीतर एका दुपारी ते तडकतं आणि सगळ्या बिया वाऱ्यावर जातात. बी ताजं असतानाच पेरा. बारीक वाळूवर ठेवून वर खडीचा अगदी पातळ थर द्या आणि ओल टिकवा. उगवण लवकर होते. पहिल्या पावसाळ्यात रोपं नखाएवढीच राहिली तरी धीर धरा.

कड्यावर पुन्हा लावणं

हे घरगुती काम नाही. वनविभागाची लेखी परवानगी लागते. किल्ला केंद्रीय संरक्षित स्मारक असेल तर पुरातत्त्व खात्याचीही. वनस्पतिशास्त्राचा जाणकार आणि दोरावर काम करणारे प्रशिक्षित गिर्यारोहक सोबत हवेत, आणि ऐतिहासिक कातळात नवे बोल्ट ठोकायचे नाहीत.

तुमचं मंडळ अशा कामात सहभागी झालं तर काही गोष्टींचा आग्रह धरा. रोपं त्याच गडाच्या मूळची असावीत, मुळं धरून किमान एक पावसाळा गेलेली. जुलैमध्ये पाऊस स्थिरावल्यावर लावावीत. नर्सरीतलं मिश्रण मुळांवरून पूर्ण धुऊन काढावं, कारण त्यातून गांडुळांची अंडी, तणांचं बी, पिठ्या ढेकूण असं सगळं कड्यावर पोचतं. मूळ भेगेत सरकवून तिथलीच माती आणि तिथलेच दगड वापरून घट्ट करावं. सिमेंट, जाळी, कोकोपीट काहीही नको. आधीपासून नैसर्गिक झुडूप असलेल्या कपारीत नवं रोप घुसवू नये. त्याच्या शेजारची रिकामी भेग निवडावी.

मोजणी वर्षातून दोनदा: मे अखेरीस आणि ऑक्टोबरमध्ये. मे महिन्यातला आकडा खरा, कारण पावसाळ्यात सगळंच हिरवं दिसतं. प्रत्येक वेळी त्याच जागेवरून, कॅमेऱ्याच्या त्याच भिंगाने फोटो घ्या. जिवंत किती, नवी फांदी किती जणांना, फूल किती, फळ किती, एवढेच चार रकाने ठेवा आणि ते दरवर्षी वनपरिक्षेत्र कार्यालयाला द्या. कपारीत कुठे आपसूक उगवलेलं कोवळं रोप दिसलं, तर त्याला टॅग लावायला हात घालू नका आणि लावलेल्या रोपांच्या आकड्यात ते मिसळू नका. फोटोवरच गोल करा आणि त्याच्यासाठी वहीत वेगळं पान उघडा.